करंटची परतीची वाट

देवगड तालुक्यातल्या एका सूनबाईंनी विचारलं आहे. सासरे ६८ वर्षांचे, सगळा जन्म होडीवर गेलेला, तांडेल, म्हणजे होडीवरचा प्रमुख, म्हणून किनाऱ्यावर नाव असलेले. बी प्रकारच्या काविळीने यकृताचा सिरॉसिस झालेला, म्हणजे यकृत कडक होऊन आकसलेलं, आता त्यातच २.८ सेंटिमीटरची कॅन्सरची गाठ निघाली. मधुमेह आहे. चार वर्षांपूर्वी पेसमेकर बसवला आहे. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, पोट उघडून ऑपरेशन यांना झेपणार नाही, सुईतून करंट देऊन गाठ जाळू. सूनबाईंचे प्रश्न तीन : शॉक बसतो का, पेसमेकर बंद पडेल का, आणि जिवाला धोका किती. सासऱ्यांचा प्रश्न एकच, तो त्यांनी मालवणीतच लिहायला लावला : “करंट लागान मी मरतलंय काय?”

मी भूलतज्ज्ञ आहे. २१ वर्षं हेच काम, पहिली ९ मुंबईत आणि पुढची सगळी रत्नागिरी-सिंधुदुर्गात. गाठ जाळतात रेडिऑलॉजिस्ट किंवा सर्जन. त्या वेळात माणूस शांत, न हलता आणि सुखरूप राहील हे बघणं माझ्याकडे. ते सुईच्या टोकाकडे बघत असतात तेव्हा माझं लक्ष उरलेल्या शरीराकडे असतं, आणि उत्तरही मी तिथूनच देतो आहे.

आधी तांडेलांचं. आजोबा, घरातल्या बोर्डाला हात लागला की जो झटका बसतो तसा झटका यात बसत नाही. घरचा करंट सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होतो. त्या वेगाला आपल्या नसा आणि स्नायू लगेच दाद देतात, हात आखडतो, हृदयाची लय बिघडू शकते. गाठ जाळायच्या मशीनचा करंट सेकंदाला सुमारे पावणेचार ते पाच लाख वेळा पुढे-मागे होतो. एवढ्या वेगाला नस-स्नायू जागेच होत नाहीत. फ्रान्समध्ये दार्सोंव्हाल यांनी १८९१ च्या सुमारास हे दाखवून दिलं होतं, आणि आज ऑपरेशन थिएटरमधली कॉटरी, म्हणजे करंटने कापायचं आणि रक्त थांबवायचं मशीन, त्याच पायावर चालते. हा करंट आत काय करतो? पेशींमधले क्षार त्याच्याबरोबर पुढे-मागे थरथरतात, त्यांच्या घर्षणातून उष्णता तयार होते. सुई स्वतः तापत नाही, तिच्याभोवतीचं मांस तापतं. ५० अंशांना पेशी मरायला काही मिनिटं लागतात, ६० च्या पुढे जवळजवळ लगेच मरतात. १०० च्या वर गेलं तर पाण्याची वाफ होते, मांस कोळपतं आणि कोळपलेलं मांस करंट पुढे जाऊ देत नाही. म्हणून चांगलं काम सावकाश, ६० ते १०० च्या मध्ये होतं. यकृताच्या गाठी अशा जाळायला १९९० च्या दशकात सुरुवात झाली, म्हणजे पद्धत काल-परवाची नाही.

आता धोका. लोकांना भीती सुईची वाटते. माझ्या अनुभवात, पूर्ण टाळता येण्यासारखी इजा बहुतेक वेळा सुईपासून हातभर लांब, मांडीवर होते.

करंट सुईतून आत जातो, तर तो कुठून तरी बाहेर पडला पाहिजे. त्यासाठी दोन्ही मांड्यांवर चिकट पॅड लावतात. थिएटरमध्ये सगळे त्याला प्लेटच म्हणतात. सुईच्या उघड्या टोकाची लांबी जेमतेम ३ सेंटिमीटर, तिथे सगळा करंट एकवटतो म्हणून मांस शिजतं. प्लेटचा पसारा मोठा, तोच करंट तिथे पातळ होऊन निघून जातो म्हणून कातडी फक्त कोमट होते. हिशोब एवढाच आहे. पण प्लेटची एक कड सुटली, अर्धी जागाच चिकटली, तर उरलेल्या अर्ध्यात दुप्पट करंट दाटतो आणि मांडीवर तेच घडायला लागतं जे गाठीत घडावं म्हणून आपण बसलोय. साधी कॉटरी सर्जन दोन-चार सेकंद वापरतो आणि सोडतो. गाठ जाळताना मशीन २०० वॅटपर्यंत, कधी २ अँपिअरच्या आसपास करंट, एका वेळी १२-१२ मिनिटं सलग देतं. गाठ मोठी असेल तर सुई हलवून पुन्हा तेवढंच. म्हणून कॉटरीला एक प्लेट चालते, इथे किमान दोन आणि बहुतेक मशीनना चार लागतात. त्याही सुईपासून सारख्या अंतरावर. एक प्लेट जवळ आणि एक लांब लावली की करंट जवळच्या वाटेने जातो आणि तीच तापते. त्यातही प्लेटची सुईकडची कड सगळ्यात जास्त तापते, म्हणून लांब बाजू पोटाकडे करून आडवी लावायची, उभी नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो होतो, पण समजलं एका बाईंच्या मांडीवर. मुंबईतली गोष्ट, रुग्णालयाचं नाव घेत नाही. आतड्याचा कॅन्सर यकृतात पसरलेला, तीन गाठी, एकाच भुलीत तिन्ही जाळायच्या ठरल्या. प्लेट दोनच लावल्या होत्या. पोट धुताना जंतुनाशकाचा ओघळ कमरेवरून मांडीवर उतरला आणि उजव्या प्लेटच्या वरच्या कडेखाली शिरला. निळ्या चादरीखाली ते कुणाला दिसलं नाही. सव्वा तास काम चाललं. नाडी चांगली, प्राणवायू चांगला, रक्तदाब चांगला. मी मॉनिटरकडे बघून निश्चिंत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई म्हणाल्या, पोटाचं काही नाही डॉक्टर, मांडीला चुरचुरतंय. चादर बाजूला केली तर चार बोटं लांब, बोटभर रुंद पट्टा, लाल नव्हे, पांढरा. कोरड्या चामड्यासारखा, हाताला टणक, आणि मधोमध टोचलं तरी दुखत नव्हतं. न दुखणं हेच वाईट लक्षण होतं, कारण कातडीतल्या नसाही जळाल्या होत्या. पुढे तिथे कातडी लावावी लागली. भूल दिलेला माणूस “भाजतंय” म्हणून सांगू शकत नाही, त्याच्या वतीने ते कळणं माझं काम होतं आणि मी ते केलं नव्हतं. त्या दिवसापासून दर तीन-चार मिनिटांनी माझा हात चादरीखाली जातो, चारही प्लेटच्या वरच्या कडा बोटांनी चाचपतो. जास्त तापलेली वाटली की मी थांबा म्हणतो, आणि सगळे थांबतात. काही मशीन प्लेटचं तापमान किंवा चिकटणं स्वतः मोजतात आणि गजर करतात. गजर असावाच. हातही जावा.

कोकणात यात दोन गोष्टींची भर पडते. पहिली घाम. एप्रिल-मे महिन्यात किंवा पावसाच्या उघडिपीत वॉर्डातून थिएटरपर्यंत येईतो माणूस ओला झालेला असतो. ओल्या कातडीवर प्लेट चिकटल्यासारखी दिसते आणि वीस मिनिटांनी हळूच कड सोडते. दुसरी खोबरेल. ऑपरेशनच्या आदल्या रात्री म्हाताऱ्या माणसाचे पाय दुखतात म्हणून घरची मायेने मांड्या-पोटऱ्यांना तेल चोळतात. त्या तेलावर कुठलंही पॅड धरत नाही. सूनबाई, आदल्या दिवसापासून तेल, क्रीम, पावडर काही लावू नका, आणि सकाळी साबणाने पाय धुवून कोरडे करा. मांडीवर केस असतील तर सिस्टर मशीनने कापतील, घरी वस्तरा फिरवू नका; त्याने कातडीला बारीक जखमा होतात. प्लेट नवी, त्याच वेळी फोडलेल्या पाकिटातली असावी. जेल सुकलेली, एकदा काढून पुन्हा लावलेली प्लेट मी परत पाठवतो, खर्च कितीही वाढो. हाड वर आलेली जागा, जुना व्रण, आत धातूची पट्टी किंवा सांधा बसवलेली जागा टाळायची. तुमच्या सासऱ्यांना कधी काळी मांडीत रॉड घातला असेल तर ते आधी सांगा. अशा गोष्टी वीस वर्षांनी घरचेही विसरतात.

अंगावरचा धातू. बायकांचं मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी. पुरुषांचा चांदीचा करगोटा, गळ्यातलं ताईत, हातातलं कडं. करंटच्या वाटेत धातूचं कडं आलं तर तेवढ्या जागी भाजू शकतं. एका आजींची जोडवी ३० वर्षांत निघाली नव्हती. बोट सुजलेलं, मी म्हटलं तासभर थांबू पण काढू. सिस्टरने पाय उंच ठेवला, दोरा गुंडाळून बोट बारीक केलं, साबणाच्या पाण्याने हळूहळू सरकवत काढली. आजी रडल्या. जोडवी रुमालात बांधून त्यांच्या लेकीच्या हातात दिली तेव्हाच शांत झाल्या. करगोट्याचं मात्र पुरुष सांगतच नाहीत, तो गाऊनखाली तसाच राहतो. म्हणून आम्ही कमरेवरून हात फिरवतोच. घरीच काढून ठेवलात तर आजोबांना थिएटरच्या दारात अवघडल्यासारखं होणार नाही. हात टेबलाच्या लोखंडाला टेकू नये, दोन्ही मांड्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मध्ये कोरडं कापड ठेवतात. हेही त्याच कारणासाठी.

आता पेसमेकर, आणि इथे मी घाई करणार नाही, कारण या एका गोष्टीवर तुमच्या सासऱ्यांचं सगळं नियोजन फिरतं.

पेसमेकर सतत हृदयाचे ठोके ऐकत असतो. हृदयाने स्वतःहून ठोका दिला तर तो गप्प बसतो, दिला नाही तर स्वतः देतो. त्याला ऐकू येणारा इशारा काही मिलिव्होल्टचा, म्हणजे फार क्षीण. शेजारी करंटचा मोठा गोंगाट सुरू झाला की त्याला वाटतं, ठोके पडतायत, आपण गप्प बसावं. ज्या माणसाचं हृदय पूर्णपणे पेसमेकरवर चालतं त्याचं हृदय त्या क्षणी थांबू शकतं. ज्याला पेसमेकर अधूनमधूनच लागतो त्याला सहसा काही होत नाही. म्हणून पहिला प्रश्न हा, की आजोबा पेसमेकरवर किती अवलंबून आहेत. त्याचं उत्तर ईसीजीवरून अंदाजाने काढू नये. ज्यांनी पेसमेकर बसवला त्या हृदयरोगतज्ज्ञांकडे जा, कंपनीचा तंत्रज्ञ प्रोग्रॅमर, म्हणजे पेसमेकर तपासायचं यंत्र, घेऊन येतो, तो बॅटरी किती उरली, वायर ठीक आहेत का आणि अवलंबित्व किती हे १५-२० मिनिटांत सांगतो. पेसमेकर बसवताना पाकिटात मावेल असं एक कार्ड दिलेलं असतं. बहुतेक घरांत ते देवाच्या फडताळात किंवा रेशनकार्डाबरोबर असतं. शोधून ठेवा.

ऑपरेशनच्या दिवशी तंत्रज्ञ थिएटरमध्ये हवा. तो पेसमेकर अशा स्थितीत नेतो की बाहेरचं काही न ऐकता तो ठरलेल्या वेगाने ठोके देत राहतो. छातीवर खास चुंबक ठेवूनही हे करता येतं, पण काही पेसमेकरमध्ये चुंबकाला द्यायचा प्रतिसाद बंद करून ठेवलेला असतो, म्हणून केवळ चुंबकाच्या भरवशावर मी काम सुरू करू देत नाही. आणि साधा पेसमेकर न बसवता झटका देणारं यंत्र, म्हणजे आयसीडी, बसवलेलं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे चुंबकाने झटका देण्याचं काम थांबतं पण ठोक्यांचं काम बदलत नाही, आणि करंटच्या गोंगाटाला ते यंत्र हृदयाचा बिघाड समजून विनाकारण झटका देऊ शकतं. म्हणून ‘छातीत मशीन आहे’ एवढं सांगून भागत नाही, नेमकं कोणतं ते सांगा.

यकृत आणि मांड्या यांच्यामधून जाणारा करंट खालच्या दिशेने जातो, छाती त्याच्या वाटेत येत नाही. प्लेट मांडीवर लावण्याचा हाही एक फायदा. तरी मी अशा रुग्णाच्या छातीला बाहेरून झटका देणाऱ्या मशीनची पॅड आधीच चिकटवून ठेवतो. करंट सुरू असताना मॉनिटरवरचा ईसीजी नुसत्या रेघोट्यांचा होतो, त्यावरून काहीच कळत नाही. तेव्हा बोटाला लावलेल्या क्लिपची लाट बघायची. लाट येतेय म्हणजे रक्त प्रत्यक्ष पुढे जातंय. माझं एक बोट मनगटावरच्या नाडीवर असतं. काम संपल्यावर, आजोबा रिकव्हरीतून वॉर्डात जायच्या आधी, पेसमेकर पुन्हा तपासून पूर्ववत केला पाहिजे. हे राहून जातं. तुम्ही स्वतः विचारा, “पेसमेकर परत चालू स्थितीत आणला का?”

आणि आणखी एक विचारा, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं : यांच्यासाठी मायक्रोवेव्हने जाळता येईल का? त्यात अँटेनातून लहरी जातात, शरीरातून आरपार करंट जात नाही, प्लेटच लागत नाही. रक्तवाहिनीलगतची गाठही त्याने बरी जळते. पेसमेकरची काळजी तिथेही घ्यावी लागते, आणि अँटेनाचा दांडा तापून कातडीला भाजू शकतं, म्हणून त्याला आतून पाणी फिरवून थंड ठेवतात. पण एवढ्या आकाराच्या गाठीला, पेसमेकर असलेल्या माणसात, सोय असेल तर मी तिकडे झुकतो. काही ठिकाणी दोन टोकांची सुई असते, करंट दोन टोकांमध्येच फिरतो. तोही पर्याय आहे. कुणी नॅनोनाइफ सुचवलं तर मात्र पेसमेकर आहे हे पुन्हा ठासून सांगा. ती पद्धत वेगळीच : ३,००० व्होल्टपर्यंतचे, सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाएवढे छोटे झटके. त्यात गाठ भाजत नाही, पेशींच्या आवरणाला भोकं पडून त्या मरतात. पण त्याने स्नायू उसळतात, हृदयाची लय बिघडू शकते, म्हणून प्रत्येक झटका ईसीजीशी जुळवून, हृदय प्रतिसाद देऊ शकत नाही त्या क्षणीच सोडावा लागतो आणि मला रुग्णाचे सगळे स्नायू पूर्ण लुळे करून ठेवावे लागतात. पेसमेकर किंवा अनियमित ठोके असणाऱ्यासाठी ती पद्धत सहसा नाही.

सुईच्या आसपासचे धोके थोडक्यात. यकृताला आतडं, पित्ताशय, छाती-पोटामधला पडदा, मोठ्या रक्तवाहिन्या खेटून असतात. आतडं गाठीला टेकलं असेल तर मध्ये पाणी सोडून ते बाजूला सारतात. ते पाणी साखरेचं, ५ टक्के डेक्स्ट्रोजचं असावं लागतं, नेहमीचं सलाइन नाही. सलाइन खारं, आणि खारं पाणी करंट वाहून नेतं. समुद्रावर जन्म काढलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. पित्ताशयाजवळ जाळताना नाडी अचानक ४० वर येऊ शकते, त्याचं औषध मी सिरिंजमध्ये भरून ठेवतो. सुई घालताना श्वासाबरोबर यकृत वर-खाली होतं म्हणून मी काही सेकंद श्वास थांबवून धरतो. पूर्ण भूल हवी म्हणतात त्याचं हेही कारण. ३ मिलिमीटरपेक्षा मोठी रक्तवाहिनी शेजारी असली की तिच्यातलं वाहतं रक्त उष्णता पळवतं आणि गाठीची ती कड कच्ची राहते. हा धोका त्या दिवशी दिसत नाही, महिन्याने सीटीत दिसतो, म्हणून तो सीटी चुकवू नका.

रक्तस्राव सिरॉसिसच्या रुग्णात जास्त. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, ५०,००० च्या खाली असल्या, पोटात पाणी साठलं असलं की आम्ही थांबून आधी ते सावरायचं बघतो. पेसमेकरबरोबर अनेकांना अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल असं रक्त पातळ करणारं औषध चालू असतं, ते कधी बंद करायचं हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच, आपल्या मनाने नाही. काविळीसाठी गावठी औषध, काढा घेत असाल तर तेही सांगा. त्यासाठी कुणी रागावलं तर रागावू दे, पण लपवू नका. काम झाल्यावर सुई काढताना तिची वाटही जाळत आणतात, त्याने रक्त थांबतं आणि वाटेत पेशी सांडायची शक्यता कमी होते. पहिले सहा तास मला सगळ्यात जास्त काळजी असते ती वाढत जाणाऱ्या नाडीची. पोटातला रक्तस्राव आधी तिथे दिसतो.

आग लागू शकते का? लागू शकते. स्पिरिट असलेलं जंतुनाशक ओलं असताना, त्याची वाफ चादरीखाली साठलेली आणि वर प्राणवायू सुटा सोडलेला, अशात ठिणगी पडली तर. लावल्यावर किमान ३ मिनिटं वाळू द्यायचं, बेंबीत किंवा पाठीखाली थारोळं राहिलं नाही ना बघायचं. दमट हवेत मी त्याहून जास्त थांबतो.

विजेबद्दल सूनबाईंनी विचारलेलं नाही, पण कोकणात काम करणारा कुणीही ते टाळू शकत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकलं, पुढच्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्यालगत गेलं. खांब आडवे झाले आणि कित्येक गावं दिवसच्या दिवस अंधारात होती. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा तळमजल्यावरची यंत्रं किती पटकन निरुपयोगी होतात ते सगळ्यांनी पाहिलं. गाठ जाळताना मध्येच वीज गेली तर तेवढ्याने जीव जात नाही; मशीन थांबतं, वीज आल्यावर पुन्हा सुरू करता येतं, माझ्या व्हेंटिलेटरला बॅटरी असते. वाईट हे, की सुई यकृतात आहे आणि सोनोग्राफीचा पडदा काळा झाला. म्हणून सोनोग्राफी आणि मशीन दोन्ही यूपीएसवर हवीत, नुसतं जनरेटरवर नाही, कारण जनरेटर लागायच्या मधल्या काही सेकंदांतच हात चुकतो. आणि अर्थिंग. आपल्या जांभ्या दगडात उन्हाळ्यात ओल उरत नाही, कोळसा-मीठ घातलेला खड्डाही कोरडा पडतो, खाऱ्या वाऱ्याने जोडावरचं तांबं हिरवं होतं. मी काम करतो तिथे मार्चपासून त्या खड्ड्यात रोज पाणी ओततात आणि महिन्याला मोजमाप लिहून ठेवतात. ती नोंद ठेवणाऱ्या वॉर्डबॉयला मी स्वतः विचारतो.

धोका किती, या प्रश्नाला आकडा देतो. इटलीतल्या ४१ केंद्रांनी मिळून २००३ मध्ये यकृताच्या गाठी अशा जाळलेल्या २,३२० रुग्णांचा हिशोब मांडला. त्यात मृत्यू ६, मोठ्या गुंतागुंती ५०, म्हणजे शंभरात दोनांहून थोड्या जास्त. पोट उघडून केलेल्या यकृताच्या ऑपरेशनच्या तुलनेत हे कमी आहे, आणि तुमच्या सासऱ्यांच्या सिरॉसिसला ते मोठं ऑपरेशन झेपलंच नसतं. ३ सेंटिमीटरच्या आतल्या गाठीला ही पद्धत चांगली लागू पडते, २.८ त्यात बसते. त्या सहा मृत्यूंपैकी दोन आतड्याला भोक पडून झाले, एक पोटातल्या जंतुसंसर्गाने. हे दुखणं टेबलावर दिसत नाही. ते काही दिवसांनी, बहुधा घरी गेल्यावर कळतं.

आणि घर तुमचं देवगडला आहे. मुंबईहून रात्रभराचा प्रवास. म्हणून मी सांगतो, डिस्चार्ज मिळाला की लगेच तुतारी एक्सप्रेस किंवा एसटी पकडू नका. किमान आठवडाभर दादर, कल्याण, जिथे कुणी नातेवाईक असेल तिथे राहा. जाळल्यानंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत अंगात कणकण, थोडा ताप, मरगळ येते. मेलेल्या पेशी शरीर साफ करत असतं, आठवडा-दहा दिवसांत ते जातं. उजवा खांदा दुखला तरी घाबरू नका, पडद्याला ऊब लागली की तिथे दुखतं. पण ताप १०१ च्या वर चढला, हुडहुडी भरली, दहा दिवसांनंतरही राहिला किंवा एकदा उतरून पुन्हा आला, पोट घट्ट झालं, डोळे पिवळे झाले, तर यकृतात पू झालाय किंवा आतड्याला इजा झालीय असं धरूनच चालायचं. मधुमेह असलेल्यात हे जास्त, आणि पूर्वी पित्तनलिकेत स्टेंट, म्हणजे छोटी नळी, टाकला असेल किंवा ती आतड्याला जोडली असेल तर फारच जास्त.

आपल्याकडे गोष्ट इथे चुकते. लावणीच्या दिवसांत ताप म्हटलं की लेप्टो, नाहीतर मलेरिया. दोडामार्गाच्या बाजूला उन्हाळ्यात असेल तर माकडताप. गावातले डॉक्टर चांगलेच असतात, त्यांच्या समोर जे रोज येतं ते ते आधी बघतात. रक्त तपासायला जातं, डॉक्सीसायक्लिन सुरू होतं, दोन दिवस ताप दबतो आणि यकृतातला पू वाढत राहतो. मी अशा एका खलाशाला तापाच्या दहाव्या दिवशी पाहिलं, रक्तदाब लागत नव्हता. सोनोग्राफीत लिंबाएवढा पू होता. नळी टाकून काढला, वाचला. त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं की महिन्यापूर्वी मुंबईत यकृतात सुई घातली होती. “ता ऑपरेशन थोडाच होता, टाकेसुद्धा नाय घातलेले,” असं त्याची बायको मला म्हणाली.

म्हणून एक कागद करा. निळ्या शाईत, मोठ्या अक्षरांत, मराठीतच. “या तारखेला यकृतातली गाठ करंटने जाळली आहे. ताप आल्यास लेप्टोच्या तपासणीबरोबर त्याच दिवशी पोटाची सोनोग्राफी करावी. पेसमेकर आहे. सिरॉसिस आहे, डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन देऊ नये.” शेवटचं वाक्य मुद्दाम, कारण दुखतंय म्हटलं की कमरेत तेच इंजेक्शन पडतं आणि सिरॉसिसच्या माणसाची मूत्रपिंडं त्याने बसू शकतात. पॅरासिटामॉल चालेल, पण दिवसाला एकूण २ ग्रॅमच्या आत, म्हणजे ५०० च्या चार गोळ्या, त्याहून जास्त नाही. खाली मुंबईच्या डॉक्टरांचा रात्रीही उचलला जाईल असा नंबर. कागदाच्या तीन प्रती : एक आजोबांच्या शर्टाच्या खिशात प्लास्टिकच्या पिशवीत, एक तुमच्या मोबाइलमध्ये फोटो काढून, एक गावच्या डॉक्टरांच्या टेबलावर, मुंबईला निघायच्या आधीच. आणि आजोबा बरे होऊन पुन्हा बंदरावर बसायला लागले की तिथेही कुणाला तरी सांगून ठेवा.